पाहुणा आणि प्लंबर: बेघर आदिवासींसाठी घरं बांधताना

समजा, कॅनडातल्या विनिपेगमधला जानेवारी आहे. बाहेर उणे तीस. चार वर्षं रात्रनिवाऱ्यांत, ओळखीच्यांच्या सोफ्यांवर आणि बसथांब्यांच्या आडोशाला काढलेल्या, क्री या आदिवासी जमातीतल्या एका बाईला आज किल्ली मिळाली आहे. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि आतून लावता येईल अशी कडी. रात्री साडेदहाला दार वाजतं. मावसबहीण उभी, सोबत तिचा सात वर्षांचा मुलगा. इस्पितळाच्या कामासाठी दोघं आजच उत्तरेतल्या गावाहून आली आहेत आणि रात्र काढायला जागा नाही. भाडेकरारात लिहिलेलं आहे की रात्री अकरानंतर पाहुणा चालणार नाही.

बाईने काय करायचं? दार लावून घेतलं तर ज्या नात्यागोत्यात ती वाढली तिथे तोंड दाखवायची सोय राहत नाही. दार उघडलं तर आज ताकीद, मग नोटीस, मग पुन्हा रस्ता. हा पेच तिने तयार केलेला नाही. इमारत आखताना आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो बेघर माणूस होता तो एकटा होता, त्याला मावसबहीणच नव्हती, तिथून हा पेच सुरू होतो.

कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत तिथल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे आपल्या भाषेत आदिवासींसाठी, अशी ‘आधारासह घरं’ (घर आणि सोबत मदतीला माणसं) बांधायचे प्रयोग गेली काही दशकं चालू आहेत. त्यांतले काही टिकले, काही पाच-सात वर्षांत मोडकळीला आले. का टिकले आणि का मोडले हे पाहत गेलं की वास्तुरचना, धोरणं, फीत कापायचे समारंभ सगळं मागे पडतं आणि दोन माणसं पुढे येतात. एक पाहुणा, दुसरा प्लंबर. पाहुण्याला जागा आहे का आणि प्लंबरचा पगार कोण देतो, एवढं कळलं की त्या वसाहतीचं दहा वर्षांनी काय होणार याचा बराचसा अंदाज येतो, असं माझं मत झालं आहे.

बेघर म्हणजे कोण

आधी आकडे. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेत आदिवासी, म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट या तीन गटांचे लोक मिळून, सुमारे १८ लाख होते; लोकसंख्येच्या पाच टक्के. पण देशभरातल्या शहरांत एका ठरलेल्या रात्री बेघरांची मोजणी होते, तिच्यात ते जवळजवळ तिसरा हिस्सा भरतात. विनिपेगसारख्या गवताळ मैदानी भागातल्या शहरात तर तीन बेघरांतले किमान दोन आदिवासी असतात, आणि त्या शहराच्या लोकसंख्येत आदिवासी आहेत साधारण आठांत एक. ऑस्ट्रेलियात चित्र तेच. तिथे २०२१ च्या जनगणनेत १,२२,४९४ माणसं बेघर निघाली, त्यांतली जवळजवळ २५ हजार ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरची. देशाच्या लोकसंख्येत या समाजांचा वाटा चार टक्क्यांच्या आत आहे.

ऑस्ट्रेलियाच्या आकड्यात एक गंमत आहे. त्या २५ हजारांपैकी सुमारे साठ टक्के लोकांच्या डोक्यावर छप्पर आहे. ते ‘अतिगर्दीच्या’ घरांत राहतात म्हणून त्यांना बेघर धरलं आहे. अतिगर्दी म्हणजे सगळ्यांना नीट राहायला आणखी किमान चार झोपायच्या खोल्या लागतील अशी अवस्था. ही व्याख्या लावली तर आमच्या गिरणगावातल्या चाळी अख्ख्याच्या अख्ख्या बेघर ठरल्या असत्या! पण व्याख्येमागचा मुद्दा खरा आहे. अशा घरातून एखादा माणूस बाहेर पडतो तो थेट फुटपाथवर येत नाही. आधी काकाकडे, मग मित्राकडे, मग मित्राच्या मित्राकडे असा सरकत सरकत येतो, आणि मोजणीच्या रात्री बहुधा कुणाच्या हाती लागत नाही.

बेघरपणाचा अर्थच वेगळा आहे, हे २०१७ मध्ये जेसी थिसल यांनी नीट मांडलं. ते मेटी-क्री वंशाचे अभ्यासक, आणि स्वतः कित्येक वर्षं रस्त्यावर काढलेले. त्यांनी आदिवासी बेघरपणाचे बारा पैलू सांगितले, आणि घर नसणं हा त्यांच्या विचारातला केवळ एक तुकडा आहे. जमिनीपासून, पाण्यापासून, नातलगांपासून, भाषेपासून, आपल्या लोकांच्या आठवणींपासून तुटणं हाही बेघरपणाच. त्या बारांत एक पैलू ‘घरी जाणं’ असा आहे: माणूस गावी परततो आणि तिथेही त्याला कुणी ओळखत नाही, राहायला खोली नसते. गाव सुटलेल्या कुणालाही हे थोडंफार उमजेल, फक्त तिथे गाव सुटलं नव्हतं, सोडवलं गेलं होतं.

गाव कसं सुटलं

याचं उत्तर मोठं आहे, पण दोन-चार गोष्टी समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पहिली जमिनीची. १८७६ च्या इंडियन ॲक्टपासून ‘रिझर्व्ह’ची, म्हणजे राखीव वस्त्यांची जमीन राजसत्तेच्या, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकारच्या, नावावर आहे. आदिवासी तिथे राहतो, पण ती तारण ठेवू शकत नाही; बाहेरच्या बँकेला त्या जमिनीवरची मालमत्ता जप्त करता येत नाही. जमीन परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून हे कलम आलं, आणि त्याचाच उलटा परिणाम असा की बँक गृहकर्ज देत नाही, द्यायचं तर जमातीच्या परिषदेची किंवा मंत्र्याची हमी मागते. त्यामुळे घरं बांधायची ती सरकारी पैशातून, परिषदेमार्फत. यादी लांब, घरं थोडी, कुटुंबं वाढती.

दुसरी मुलांची. सरकार आणि चर्चने मिळून चालवलेल्या निवासी शाळांत दीड लाखांहून जास्त आदिवासी मुलं घरापासून तोडून नेली गेली. शेवटची शाळा बंद व्हायला १९९० चं दशक सरावं लागलं. त्यानंतर मुलं उचलायचं काम बालकल्याण खात्यांनी केलं. कॅनडाच्या २०२१ च्या जनगणनेतही चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी ७.७ टक्के, आणि सरकारने दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. असा मुलगा सज्ञान झाला की खात्याची जबाबदारी सरते आणि तो पिशवी उचलून बाहेर पडतो. कुठे जाणार? ज्या गावचा तो म्हणायचा, ते गाव त्याने बहुधा पाहिलेलंही नसतं.

तिसरी बायकांची, आणि हिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. आदिवासी बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की १९८५ पर्यंत तिचा कायदेशीर आदिवासी दर्जाच जायचा आणि त्याबरोबर वस्तीत राहायचा हक्कही. पुरुषाला हा नियम नव्हता. नवराबायको वेगळे झाले तर राखीव वस्तीवरचं घर कोणाकडे जाणार, याचा देशपातळीवरचा कायदा यायला २०१३ उजाडलं. तोवर मारहाणीतून सुटायचं म्हणजे घरही सोडायचं आणि गावही.

शिवाय पाणी. २०११ च्या पुरात विनिपेग आणि आसपासचा भाग वाचवायला मॅनिटोबा प्रांताने पाणी वळवलं आणि लेक सेंट मार्टिन ही फर्स्ट नेशन्सची वस्ती बुडाली. माणसं विनिपेगच्या हॉटेलांत नेऊन ठेवली. परतीची वाट मोकळी व्हायला सहा वर्षांहून जास्त गेली, तोवर कित्येक म्हातारी माणसं शहरातच वारली. धरणग्रस्तांच्या संक्रमण शिबिरांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

आधी किल्ली

आता घरांकडे. पूर्वी सगळीकडे जिन्याची पद्धत होती. आधी दारू सोड, मग निवाऱ्यातून वसतिगृहात ये, तिथे सहा महिने नीट वागलास तर सामाईक खोली, आणि शेवटी कधीतरी स्वतःचं घर. पायरी चुकली की पुन्हा तळाशी. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम सेंबेरिस या मानसशास्त्रज्ञाने हे उलटं केलं. आधी घराची किल्ली, बिनशर्त. दारू, औषधोपचार, नोकरी सगळं नंतर, आणि माणसाच्या मर्जीने. याला ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात. तर्क साधा आहे. ज्याला आज रात्री कुठे झोपायचं ते ठाऊक नाही, त्याने उद्या सकाळी दहाची डॉक्टरची वेळ पाळावी ही अपेक्षाच चुकीची.

कॅनडाने ही कल्पना २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांवर बेघरांवर तपासून पाहिली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, घर आधी मिळालेल्यांपैकी ६२ टक्के माणसं पूर्ण काळ घरात टिकली. नेहमीच्या सेवांवर राहिलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के. म्हणजे पद्धत चालते. पाचांपैकी विनिपेगमध्ये बहुतेक सहभागी आदिवासी होते. तिथेही फरक पडला, पण बाकीच्या शहरांइतका नाही. स्वस्त खोल्या कमी, आदिवासी म्हटल्यावर घरमालकांचे चेहरे बदलणं हे होतंच. पण वारंवार समोर आलं ते एक कारण: खोली एकाला दिली, आणि राहायला आले पाच.

रस्त्यावर माणूस एकटा जगत नाही. थंडीत कोणी पांघरूण देतं, कोणी रात्री जागतं, कोणाकडे तंबू असतो. आदिवासी समाजात तर ‘सगळे माझे सोयरे’ हा विचार रोजच्या जगण्यात मुरलेला असतो. अशा टोळक्यातल्या एकाला किल्ली मिळाली की बाकीचे चार आपोआप पाहुणे ठरतात. त्यांना बाहेर ठेवणं म्हणजे उपकाराची परतफेड लाथेने करणं. मग आवाज होतो, शेजारी तक्रार करतात, नियम मोडतो, खोली जाते. कार्यकर्ते हे ‘घर टिकवता आलं नाही’ असं नोंदवतात. मला ते नोंदणंच खटकतं. आपल्याकडेही सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘भाडेकरूंच्या पाहुण्यांनी’ अशी सुरुवात असलेले कागद लागतातच, पण मालकाच्या घरी लग्नाला चाळीस माणसं उतरली तर त्याला कोणी नियमभंग म्हणत नाही.

पाहुण्याची खोली

मग आखणी कशी बदलते? सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे इमारतीतच दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवायच्या. गावाहून इस्पितळासाठी आलेली मावसबहीण तिथे चार रात्री राहील, वेगळी किल्ली, वेगळं न्हाणीघर. तळमजल्यावर मोठं सामाईक स्वयंपाकघर आणि बैठक असली की भेटीगाठी खोलीबाहेर होतात. आणि पाहुण्यांचे नियम व्यवस्थापकाने टेबलावर बसून न लिहिता राहणाऱ्यांनी मिळून ठरवायचे. कडाक्याच्या थंडीत कोणालाही दारातून परत पाठवायचं नाही, असं कलम माणसं स्वतःहून घालतात. आणि धंदेवाईक दारूवाला किंवा मारकुटा माजी नवरा आत येऊ नये, हेही तीच माणसं सगळ्यांत कडकपणे सांगतात.

इथे खरी ओढाताण आहे, ती लपवू नये. दार उघडं हवं आणि दार बंदही हवं. कॅनडात हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांची राष्ट्रीय चौकशी २०१६ ते २०१९ अशी चालली, ती काही उगाच नाही. बाईला रात्री जिन्यात कोण उभं आहे हे दिसलं पाहिजे. म्हणून चांगल्या आराखड्यांत मुख्य प्रवेश एकच असतो, तिथे चोवीस तास माणूस असतो, पण तो काचेमागे बसलेला नसतो. चहाची किटली ठेवलेल्या टेबलाशी असतो. लांबलचक, दोन्ही बाजूंना दारं असलेले बोळ टाळतात, कारण निवासी शाळा, तुरुंग, इस्पितळ, सगळ्यांचे बोळ तसेच होते आणि त्या बोळांत काय घडलं ते अंगात राहिलेलं असतं. बोळ छोटे ठेवतात, टोकाला खिडकी देतात, बाहेर पडायला दुसरी वाट ठेवतात. माणूस दारातून आत शिरतानाच परतीची वाट बघून घेतो, ती त्याला दिसली की खांदे सैल होतात.

खोल्या किती मोठ्या हाही वाद आहे. कॅनडात घराचा आकार एका ठरलेल्या मापाने मोजतात: एका झोपायच्या खोलीत जास्तीत जास्त दोघं, पाच वर्षांवरचे भाऊ-बहीण एका खोलीत नकोत, अठरा पूर्ण केलेल्या, जोडीदार नसलेल्या प्रत्येकाला स्वतंत्र खोली. ऐकायला छान. पण तीन नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीला या मापाने तीन झोपायच्या खोल्यांचं घर लागतं, आणि बेघरांसाठी बांधतात ती घरं बहुतेक एकखणी. छोटं चालेल म्हणाली तर नियम आडवा येतो. आजी निवाऱ्यात, नातवंडं सरकारी सांभाळात. नियम चांगल्यासाठीच केलेला असतो!

आणि माणूस जातोही. अंत्यविधीला गावी जातो, शिकारीच्या दिवसांत महिनाभर जातो. खोली काही आठवडे बंद दिसली की ‘गरज नाही’ असा शेरा मारून ती दुसऱ्याला देणं हा प्रकार सगळीकडे चालतो. हे वाचताना मला रायगडमधल्या कातकरी वाड्या आठवतात. दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधले महिने घराला कुलूप. त्यात कित्येक वाड्या खाजगी मालकांच्या जमिनीवर पिढ्यानपिढ्या वसलेल्या, म्हणजे घर आहे पण घराखालची जागा नावावर नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तिन्ही अतिमागास जमातींना घरामागे दोन लाख रुपये आहेत. पैसे आले तरी पहिला प्रश्न तलाठ्याकडेच सुटायचा असतो: बांधायचं कुठे? विनिपेग आणि रायगडमधलं खालापूर यांत बाकी काही सारखं नाही, पण घर देणाऱ्याने माणूस वर्षभर एका जागी बसेल असं धरून चालणं, ही चूक दोन्हीकडे तीच.

धूर, मांस आणि भिंतीवरची चित्रं

फर्स्ट नेशन्सच्या बऱ्याच समाजांत सेज, गोड गवत, सीडर, तंबाखू या पवित्र वनस्पती आहेत. सेज किंवा गोड गवत शिंपल्यात जाळून त्याचा धूर अंगावरून, डोक्यावरून घेतात. स्मजिंग म्हणतात. दुःखात, प्रार्थनेआधी, बैठकीच्या सुरुवातीला. सर्वसाधारण भाडेकरारात धूर म्हणजे धूर. सिगारेट आणि प्रार्थना यांत फरक नाही, आणि छतावरचा अलार्मही तो करत नाही. परदेशात फ्लॅटमध्ये सत्यनारायणाला धूप पेटवला आणि अग्निशमन दलाची गाडी आली, हा किस्सा प्रत्येक मराठी मंडळात एकाकडे तरी असतो. उपाय अवघड नाहीत. विधीच्या खोलीला स्वतंत्र पंखा, धुराऐवजी उष्णतेवर वाजणारा अलार्म, आणि करारात एक ओळ. पण हे आराखड्याच्या पहिल्या दिवशी सांगावं लागतं. नंतर छत फोडून करायला तिप्पट खर्च.

तसंच स्वयंपाकघर. भावाने मूस हे भलंमोठं हरीण मारलं, ते अर्धं पाठवलं, तर एकखणी घरातल्या छोट्या फ्रिजमध्ये ते कुठे बसणार? म्हणून सामाईक स्वयंपाकघरात मोठं खोल सिंक, धुता येईल अशी फरशी आणि पाणी जायला जाळी, दणकट टेबल आणि आडवे डीप फ्रीझर लागतात. सरकारी निधीतून चालणाऱ्या स्वयंपाकघरात शिकारीचं मांस शिजवायला आरोग्यखात्याचे नियम आडवे येतात, त्यावर परवानगी मिळवणं हे वेगळंच काम.

कॅनडातल्याच एडमंटनमध्ये २०१४ साली उघडलेल्या ॲम्ब्रोज प्लेसमध्ये ४२ घरं आहेत. चालवणारी संस्था आदिवासींची, तिचं नाव निगिनान, क्री भाषेत ‘आमचं घर’. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेले, दारूच्या आहारी गेलेले, आजारी लोक इथे येतात आणि दारू सोडण्याची अट नाही. कर्मचारी चोवीस तास. वडीलधारे, ज्यांना तिथे एल्डर म्हणतात, रोजच्या कामकाजात असतात. एल्डर हे वयाने होत नाहीत, समाज त्यांना तसं मानतो. विनिपेगमध्ये ‘आस्तुम आपी नीकिनाख’ नावाची २२ छोट्या घरांची वस्ती आहे. मेटी लोकांच्या मिचिफ भाषेत अर्थ असा की ‘ये, आमच्या घरी बस’. मधल्या सामाईक इमारतीभोवती घरं, आणि शेजारीच आदिवासी वास्तुविशारद डग्लस कार्डिनल यांनी रचलेलं थंडरबर्ड हाउस हे सांस्कृतिक केंद्र. सिएटलमध्ये, ज्या शहराचं नावच एका आदिवासी नायकावरून पडलं, जुन्या बाजारभागात ‘आल-आल’ ही ८० घरांची इमारत उभी आहे; नावाचा अर्थ पुन्हा ‘घर’, खाली दवाखाना आणि कॅफे.

पण या सगळ्यात एक सापळा आहे. भिंतीवर गरुड रंगवला, दाराला चार दिशांचे चार रंग दिले, की झालं ‘सांस्कृतिक’ घर! सरकारी विश्रामगृहाच्या कंपाउंडवर वारली चित्रं काढल्याने ते वारल्यांचं होत नाही. वर क्री, डेने, इनुइट, कोस्ट सेलिश हे वेगवेगळे लोक, एकाची खूण दुसऱ्यावर चिकटवलेली त्यांना लगेच कळते. चित्र कोणतं यापेक्षा व्यवस्थापक कोण, नोकऱ्या कोणाला, संचालक मंडळात कोण, हे विचारलं तर जास्त कळतं.

ओल

टिकाऊपणा म्हटलं की लोक सौरपॅनल दाखवतात. थंड प्रदेशात घर मरतं ते बहुधा ओलीने. सोपा हिशेब आहे. माणसं श्वास सोडतात, आंघोळ करतात, मोठ्या भांड्यात रस्सा उकळतो, कपडे आत वाळतात. ही वाफ घरातल्या उबदार हवेत राहते आणि बाहेर उणे तीस असताना खिडकीच्या काचेवर, भिंतीच्या गार कोपऱ्यात पाणी होऊन बसते. तिथे काळी बुरशी धरते. चौघांसाठीच्या घरात दहा माणसं राहिली की वाफ अडीचपट, आणि राखीव वस्त्यांतल्या घरांना हेच झालं. मुलांचे दमे वाढले. उष्णता वाचवायला घर हवाबंद केलं तर ओल आणखी वाढते. म्हणून एक यंत्र बसवतात. आतली उबदार, ओली हवा बाहेर जाताना पातळ पडद्यांमधून जाते आणि पडद्याच्या दुसऱ्या बाजूने आत येणाऱ्या गार हवेला आपली ऊब देऊन जाते. हवा बदलते, ऊब राहते. उत्तम यंत्र. फक्त त्याची जाळी काही महिन्यांनी धुवावी लागते. नाही धुतली की ते घरघरतं, घरघरलं की कोणीतरी वैतागून बटण बंद करतं, आणि वर्षभरात कोपरा काळा. इथपासून प्लंबरचा, म्हणजे दुरुस्तीवाल्या सगळ्यांचा, विषय सुरू होतो.

प्लंबरचा पगार

बांधायला पैसा मिळतो; चालवायला मिळत नाही. इमारतीपुढे फोटो काढता येतो, धुतलेल्या जाळीपुढे येत नाही. कॅनडाने १९७० च्या दशकात शहरी आदिवासी गृहसंस्थांना मदत सुरू केली. विनिपेगची किन्यू हाउसिंग ही तर १९७० पासूनची. करार असे होते की भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात घ्या, तूट सरकार भरेल. पण हे अनुदान इमारतीच्या कर्जाशी बांधलेलं होतं. कर्ज फिटलं की करार संपला आणि अनुदानही. हिशेबनीसाला वाटलं, कर्जच नाही तर तूट कसली? पण भाडेकरू तितकेच गरीब होते, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या घराचं छप्पर, बॉयलर, नळ सगळं नेमकं तेव्हाच बदलायला आलेलं. काही संस्थांनी एक घर विकून दुसऱ्याचं छप्पर केलं. सामाजिक घरांसाठी नवा केंद्रीय पैसा १९९३ मध्ये जवळजवळ थांबलाच होता. २०२० मध्ये एक अब्ज डॉलरची झटपट घरबांधणीची योजना आली, तयार खोल्या क्रेनने रचायच्या. तिचाही पैसा बांधकामापुरता. रात्रपाळीचा माणूस, एल्डरचं मानधन, नर्स, प्लंबर यांचे पैसे संस्थेने प्रांताकडून, आरोग्यखात्याकडून, देणगीदारांकडून दरवर्षी नव्याने जमवायचे.

‘या लोकांना घर दिलं तरी ते मोडून टाकतात’ हे वाक्य जगभर ऐकू येतं, आपल्याकडेही. याचा हिशेब ऑस्ट्रेलियात झाला आहे. १९८५ मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या वाळवंटी भागात यामी लेस्टर या ॲबोरिजिनल नेत्याने एका वास्तुविशारदाला, एका डॉक्टरला आणि एका पर्यावरण आरोग्य कार्यकर्त्याला एकत्र बोलावलं. पैसा येतो, दवाखाने चालतात, तरी मुलं आजारीच पडतात, ते थांबवा म्हणाले. वास्तुविशारद होते पॉल फोलेरॉस. तिघांनी नऊ गोष्टींची यादी केली, प्राधान्यक्रमाने. पहिली: दिवसातून एकदा लहान मुलाला आंघोळ घालता आली पाहिजे. दुसरी: कपडे आणि अंथरूण धुता आलं पाहिजे. तिसरी: मैला सुरक्षित बाहेर गेला पाहिजे. घराचं सौंदर्य यादीत नव्हतं.

मग त्यांनी घरं तपासायला सुरुवात केली. पुढे ही संख्या हजारोंवर गेली. चालू शॉवर असलेली घरं सुमारे एक तृतीयांश. विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरं दहांत एक. आणि बिघाडाची कारणं? राहणाऱ्यांनी मोडतोड केल्यामुळे ९ टक्के. मुळात बांधकामच वाईट म्हणून २१ टक्के. उरलेले ७० टक्के नेहमीची देखभाल झाली नाही म्हणून. क्षारयुक्त पाण्याने नळ धरला, वॉशर गेला. न्यू साउथ वेल्स राज्यात या पद्धतीने दुरुस्त केलेल्या घरांतल्या लोकांचं संसर्गजन्य आजारांसाठी इस्पितळात भरती होणं दहा वर्षांच्या आढाव्यात ४० टक्के कमी दिसलं. नवं औषध नाही, नवी इमारत नाही. वॉशर, पाइप, वायर.

त्यांच्या पथकांत बहुतेक माणसं त्या-त्या वस्तीतलीच असतात, थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणानंतर. प्रत्येकाकडे तपासायची यादी: प्लग, दिवा, गरम पाणी, बेसिनचा निचरा, दोनशेहून जास्त गोष्टी. आणि एक नियम असा की नुसती पाहणी करायची नाही. दुरुस्तीची हत्यारं बरोबर न घेता कोणाच्या घरात शिरायचंच नाही, पहिल्याच दिवशी काहीतरी दुरुस्त झालं पाहिजे. या समाजांनी पाहणी करणारे भरपूर पाहिले आहेत. संध्याकाळी पथकाची गाडी निघते तेव्हा अहवाल अजून लिहायचा असतो, पण न्हाणीघरात मुलाच्या डोक्यावर पाणी पडत असतं.